बेटाचा सातबारा

दुबई, २० ऑगस्ट

तीर्थरूप आई व बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

एवढं वाचूनच बाबांनी चष्मा पुसायला घेतला असेल, की पोरीला झालं तरी काय. काही झालेलं नाही. गेले तीन रविवार मी व्हिडिओ कॉलवर एकच गोष्ट सांगायला बघतेय आणि एकदाही ती पुरी झालेली नाही. पहिल्या रविवारी तुमच्याकडची लाइट गेली. दुसऱ्या रविवारी ठाण्याचे गेस्ट जेवायला बसले होते आणि भाकऱ्या कमी पडल्या. तिसऱ्या रविवारी लाइट होती, नेटवर्क होतं, गेस्टही नव्हते, पण फोन बाबांच्या हातात होता, त्यामुळे पाऊण तास आम्ही तुमचा पंखा बघत बसलो. म्हणून हे लिहून पाठवतेय. दादाला सांगून स्टेशनजवळ प्रिंट काढून घ्या. आणि बाबा, तुम्हीच मोठ्यानं वाचा, म्हणजे आईला भाजी निवडता निवडता ऐकता येईल.

विषय असा. डिसेंबरात तुमच्या लग्नाला ४५ वर्षं होतात. तुम्ही म्हणाल, कडावला मामाकडे जेवून येऊ आणि महडच्या वरदविनायकाला नारळ वाढवू. ते होईलच. पण तुमच्या जावयांच्या डोक्यात आलंय की यंदा आपण सगळ्यांनी मालदीवला जायचं. तुम्ही दोघं, तुमचे खोपोलीचे व्याही म्हणजे आई-अण्णा, आणि आम्ही तिघं. सात माणसं. इथल्या त्यांच्या ऑफिसात जो तो मालदीवला जाऊन आलाय आणि प्रत्येकाच्या फोनवर तोच फोटो आहे: निळं पाणी, पाण्यावर काढलेली लाकडी खोली आणि खोलीच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसलेला माणूस. जावई म्हणाले, मलाही असे पाय सोडायचे आहेत. मी म्हटलं, कर्जतला नदीवर बसून सोडा की. त्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत. म्हणून एजंटाला फोन केला.

आता खरी गंमत. आपण कर्जतची माणसं, रिसॉर्ट आपल्याला नवा नाही. माझ्या लहानपणी मुंबईची माणसं शनिवारी स्टेशनबाहेर उतरून विचारायची, इथे बघण्यासारखं काय आहे हो? आपण म्हणायचो, कोंडाण्याची लेणी. मग ती विचारायची, आणि जमीन कितीला? थोरल्या काकांनी नदीकाठचे दोन एकर कवडीमोलानं दिले, तिथे आज ‘रिव्हर टच’ अशी पाटी आहे. आपल्या नदीचा टच जूनपासून दिवाळीपर्यंतच असतो, पण पाटीवर महिने लिहायची पद्धत नाही. बाबांनी आपला तुकडा विकला नाही, चार खोल्या काढल्या, आणि मी दहावीत असल्यापासून ‘माणशी एवढे, चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, चिकन एक्स्ट्रा’ हे वाक्य आपल्या घरात रामरक्षेच्या आधी म्हटलं जातं. पण आपल्यातलं कुणी आजवर गेस्ट म्हणून कुठे राहिलेलं नाही. म्हणून एजंटाचा कागद बाबांना पाठवला तेव्हा मला वाटलं, बाबा किमतीनं गार पडतील. आले काय, तर सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज. त्यात किमतीबद्दल शेवटचं अर्धं मिनिट. आधीची साडेसहा मिनिटं प्रश्न.

पहिला प्रश्न, पाणी कुठून आणतात? बाबा, टँकर येत नाही. तिकडे एका बेटावर एकच रिसॉर्ट असतो, आणि प्रत्येक बेट समुद्राचं खारं पाणी मशिनीतून काढून गोडं करतं. लाइट? तीही बेटाची स्वतःची, बहुतेक डिझेलच्या जनरेटरवर, हल्ली थोडी छपरावरच्या सोलरवर. हे मी खोपोलीला अण्णांना सांगितलं तर ते उठून बसले. म्हणाले, आमच्या गावात १९१५ पासून टाटा पाण्यातून वीज काढतात, आणि तिकडे विजेतून पाणी काढतात? चौतीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस! त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय की निळं पाणी तुम्ही बघा, मला जनरेटरची खोली दाखवा. सहलीतलं त्यांचं तेवढंच मागणं आहे आणि ते फुकट आहे.

दुसरा प्रश्न, कचरा कुठे टाकतात? बाबा, इतक्या जणांनी इतके फोटो काढले, हे कुणी विचारलं नव्हतं. माले या त्यांच्या राजधानीजवळ थिलाफुशी नावाचं एक आख्खं बेट आहे. १९९० च्या दशकात तिथे कचरा टाकायला सुरुवात झाली आणि भरत भरत बेटच तयार झालं. आपल्याकडे गेस्ट गेल्यावर सोमवारी तुम्ही ज्या तोंडानं बाटल्या आणि थर्माकोलच्या प्लेटा गोळा करता, ते तोंड मला या उत्तरानंतर फोनवर न दिसताही दिसलं.

तिसरा प्रश्न मात्र खास कर्जतचा: बेटाचा सातबारा कुणाच्या नावावर? हसू नका, मी शोधून काढलं. बेट सरकारचं. रिसॉर्टवाल्याला ते ठरावीक वर्षांच्या करारानं भाडेपट्ट्यावर मिळतं. म्हणजे कितीही मोठी कंपनी असो, तिकडे तो कूळच. हे ऐकून तुम्ही जे “हां...” म्हणालात, त्यात थोरल्या काकांचे दोन एकर मला स्पष्ट ऐकू आले. आणि एक सांगते. तिथला पहिला रिसॉर्ट १९७२ साली निघाला, कुरुंबा त्याचं नाव. त्यांच्या भाषेत कुरुंबा म्हणजे शहाळं. खोल्या होत्या तीस. आज सगळ्या देशात दीडशेच्या वर रिसॉर्ट आहेत. तुमच्या चार खोल्या १९९९ च्या. दादाला म्हणावं, हातपाय हलव.

मग फोटो. एजंटानं पंचवीस फोटो पाठवले होते. आईनं निळं पाणी बघून “किती गं स्वच्छ” म्हटलं आणि ती उठून गेली. बाबा एका फोटोवर थांबले. पलंगाचा फोटो. पांढरी चादर, त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम आणि बदामात टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावलेले. बाबांनी तो फोटो बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर नेऊन फोन नाकापाशी धरला. मला वाटलं, ४५ वर्षांच्या संसाराचं काहीतरी आठवलं. तर म्हणतात, “एका हंसाला मोठे टॉवेल दोन लागलेत गं. आणि शेपटीला नॅपकिन. म्हणजे दोन हंसांचे सहा टॉवेल नुसते दाखवायला. धुवायचे कुणी?” आणि पुढच्या रविवारी आपल्या दोन नंबरच्या खोलीतल्या पलंगावर टॉवेलचं एक काहीतरी होतं. दादा म्हणाला हंस, आई म्हणाली कासव. गेस्टच्या मुलीनं त्याच्यावर केक कापला.

आता हिशेब. बाबा, हळू वाचा, आईला एकेक आकडा पचू द्या. पाण्यावरच्या तीन खोल्या, चार रात्री, खोलीला दर रात्री ८०० डॉलर. झाले ९,६००. यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज. त्या बेरजेवर १७ टक्के जीएसटी, हो, तिकडेही जीएसटीच आहे. ९,६०० चे १२,३५५ झाले. शिवाय ‘ग्रीन टॅक्स’, माणशी दर रात्री १२ डॉलर, सात जणांचे चार रात्रींचे ३३६. आपल्याकडे माथेरानला चढताना माणशी कर घेतात तसाच, फक्त तिकडे झोपल्याबद्दल घेतात. मालेच्या विमानतळावरून बेटावर न्यायला पाण्यावर उतरणारं छोटं विमान, त्याचे जाऊन-येऊन मोठ्यांचे ५०० आणि तुमच्या नातवाचे ३००, म्हणजे ३,३००. आणि २४ डिसेंबरला सक्तीचं जेवण, त्याबद्दल पुढे लिहिते, कारण त्या जेवणानं माझी झोप घालवलीय. ते माणशी २५०, नातवाला माफ, म्हणजे १,५००. एकूण १७,४९१ डॉलर. आमच्याकडचे ६४ हजार दिरहम. तुमच्याकडचे पंधरा लाखांच्या पुढे.

इथे तुमचं शेवटचं अर्धं मिनिट होतं: “पंधरा लाखांत मी अजून सहा खोल्या काढून, वर पत्रा टाकून, बोअर मारून दाखवतो. त्याला म्हणावं, सात जणांचा ग्रुप आहे, एक माणूस फ्री कर.” विचारलं, बाबा. खरंच विचारलं. एजंट म्हणाला, मॅडम, एक केक फ्री देऊ.

त्यातही ‘हाफ बोर्ड’. म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, दुपारचं वेगळं. आईनं विचारलं, मग दुपारी काय अर्धपोटी? हो आई, बेटावर एकच हॉटेल, दुसरं दुकान नाही, वडापावची गाडी नाही, आणि पोहून दुसऱ्या बेटावर जेवायला जाता येत नाही. कर्जत स्टेशनवर दिवाडकरांचा वडा गाडी थांबेपर्यंत हातात येतो, ती सवय डिसेंबरापर्यंत सोडावी लागेल.

आता मानपान. बाबा, इथून पुढचं मनातल्या मनात वाचा, खिडकीतून कुणी ऐकेल.

पाण्यावरच्या खोल्या एका लांब लाकडी पुलाच्या दोन्ही बाजूंना असतात. एका बाजूला सूर्योदयाच्या, दुसऱ्या बाजूला सूर्यास्ताच्या, आणि सूर्यास्ताच्या महाग. तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे, सूर्य रोज माथेरानच्या मागे बुडतो आणि आजवर त्यानं बिल लावलेलं नाही. पण तीन खोल्यांत सूर्यास्ताच्या दोनच मिळताहेत. मी सहज म्हटलं, एक तुम्हाला आणि एक खोपोलीकरांना. झालं! खोपोलीच्या आई म्हणाल्या, व्याह्यांना मावळतीची खोली दिली असं लोक म्हणतील. मी म्हटलं, मग तुम्ही घ्या उगवतीची. तर म्हणाल्या, म्हणजे आम्हाला स्वस्तातली? जावई म्हणाले, आम्ही उगवतीची घेतो. तर अण्णा म्हणाले, पैसे भरणारा मुलगा स्वस्तात राहणार आणि आम्ही महागात, हे बरं दिसत नाही. माझ्या लग्नात वरमाईच्या पैठणीवरून पळसदरीच्या हॉलमध्ये दीड तास बैठक चालली होती, आठवतं ना? तेव्हा निदान पैठणी हातात धरून दाखवता तरी येत होती. इथे तंटा सूर्यावरून. शेवटी ठरलंय की नातू चिठ्ठ्या काढेल. तुम्ही कुणीही त्याला आधी चॉकलेट देऊ नये ही विनंती.

खोलीच्या मधोमध जमिनीला काच असते, खाली मासे दिसतात. खोपोलीच्या आईंना ही काच पटलेली नाही. आपण मासे बघणार, हे ठीक, पण मासेही आपल्याला बघणारच ना, आणि तेही झोपताना! त्या सतरंजी आणणार आहेत.

सूर्योदयावरून आठवलं. बरेच रिसॉर्ट आपलं घड्याळ देशाच्या घड्याळापेक्षा तासभर पुढे लावतात, म्हणजे गेस्टला संध्याकाळ मोठी मिळते. बाबा, हे मी तुम्हाला सांगायला नको होतं. उद्यापासून आपल्याकडे चेक-आउट दहाऐवजी नऊला होईल.

तुमच्या नातवानं मात्र सुट्टीत मालदीववर प्रोजेक्ट केला आणि त्यातून एक असा शोध लागलाय की दोन दिवस मी तोच सगळ्यांना सांगत सुटलेय. आपला सह्याद्री लाव्हाचा, हे आपल्याला शाळेत शिकवलं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या एका भट्टीतून तो लाव्हा आला. ती भट्टी आजही आहे, मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटाखाली. भट्टी जागच्या जागी राहिली आणि आपली जमीन तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेली. आधी राजमाची, ढाक, आपला बोरघाट झाला. जमीन पुढे सरकली तशी त्याच भट्टीतून समुद्रात ज्वालामुखींची रांग उठली, लक्षद्वीपपासून मालदीवच्याही खाली चागोसपर्यंत. ते डोंगर हळूहळू बुडाले. त्यांच्या काठाकाठानं पोवळ्याचे किडे घरं बांधत वर येत राहिले, डोंगर बुडाला आणि त्याच्या काठाची कंकणं उरली. डार्विननं हे १८४२ सालीच पुस्तकात मांडलं होतं, आणि अशा कंकणाला सगळं जग ‘अ‍ॅटॉल’ म्हणतं, तो शब्दही मालदीवचाच. म्हणजे बाबा, मालदीव हे आपले भाऊबंद. एकाच चुलीवरचे. थोरल्याच्या वाट्याला डोंगर आला आणि धाकट्याच्या वाट्याला पाणी. तिथली नैसर्गिक जमिनीतली सगळ्यात उंच जागा साधारण २.४ मीटर आहे. आपल्या माळ्यावर चढलात तर तुम्ही त्या सगळ्या देशापेक्षा उंच.

हे ऐकवल्यावर दादा काय म्हणाला, तेही सांगते: “भाऊबंद आहेत ना? मग वाटणी मागू.”

भाषेतही नातं आहे हो. त्यांची धिवेही आपल्याच कुळातली. तिकडे मस म्हणजे मासा, अत म्हणजे हात, फाय म्हणजे पाय. सकाळी खातात मस हुनी, म्हणजे मासा, खोबरं, कांदा एकत्र कुस्करून, आणि त्याबरोबर रोशी, आपल्या पोळीची बहीण. आई, सुकटीची चटणी आणि पोळी समज. तुला परदेशात नाश्त्याला काय मिळेल ही काळजी नको. आणि आपला कवडीमोल हा शब्द आहे ना, त्यातल्या कवड्या एके काळी याच बेटांवरून गलबतं भरभरून बंगालपर्यंत जायच्या, तिथे त्या पैसे म्हणून चालायच्या. कवड्यांच्या देशात कवडीमोलानं काहीच मिळत नाही, ते हिशेबात बघितलंतच.

पांढऱ्या वाळूचंही एक आहे, पण ते जेवताना वाचू नका. तिथे पोपटमासा असतो, चोच असलेला. तो पोवळ्याचा दगड कुरतडतो, त्यावरचं शेवाळ खातो, आणि दगडाचं पीठ मागून सोडतो. एक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो. त्या शुभ्र किनाऱ्यांतला मोठा वाटा त्याचा. नवरा-बायको हातात हात घालून अनवाणी चालतात ती हीच वाळू. नातू हे सगळ्यांना जेवणाच्या टेबलावर सांगतो. एक मात्र त्यानं गंभीर होऊन सांगितलं. पोवळ्यांना पाणी तापलेलं सोसत नाही, रंग सोडून ती पांढरी पडतात. १९९८ साली पडली, २०१६ साली पडली, २०२४ साली पुन्हा. म्हणून म्हणतो, आजोबांना लवकर दाखवू या. मी त्याला म्हटलं, आजोबांची घाई की पोवळ्यांची? तो म्हणाला, दोघांची. वय वर्षं नऊ.

दादाचं म्हणणं होतं की मालदीव कशाला, लक्षद्वीपला जाऊ, २०२४ च्या जानेवारीत सगळा देश तेच म्हणत होता. तेही बघितलं. ३६ बेटं, वस्ती दहांवर, कोचीहून अगत्तीला विमान, आणि आपल्याच देशात जायला आपल्यालाच परमिट. मालदीवचा व्हिसा मात्र उतरल्यावर फुकट. सात जणांची परमिटं दादा काढणार असेल तर पुढच्या वर्षी नक्की. मग तो म्हणाला, आंग्रिया बँक बघ, आपल्याच समुद्रात आहे. तेव्हा बाबांनी मागून विचारलं, तिचा व्याजदर किती? बाबा, ती पतपेढी नाही. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरच्या वर आत समुद्रात पोवळ्यांचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखलं जातं. पण ते सगळं पाण्याखाली, वीसेक मीटर खोल. तिथे सूर्यास्ताची खोली मिळत नाही, म्हणजे भांडणही नाही, हा एक फायदा.

आता ते सक्तीचं जेवण. नाताळच्या आदल्या रात्री रिसॉर्टवाले मोठी पंगत घालतात आणि तिचे पैसे, जेवा न जेवा, बिलात लावतात. टर्की नावाचा मोठा कोंबडा, शेवंड, आणखी काय काय. मी कालनिर्णय उघडलं. यंदा २४ डिसेंबरला गुरुवार. आणि महिना मार्गशीर्ष! आईचा महालक्ष्मीचा उपास, खोपोलीच्या आईंचाही. म्हणजे दोन सवाष्णी पाचशे डॉलर भरून शेवंडीसमोर केळं खात बसणार. मी एजंटाला विचारलं, उपासाचं काही मिळेल का? तो म्हणाला, व्हेगन मेन्यू आहे मॅडम, त्याच रेटमध्ये. साबुदाण्याच्या खिचडीला २५० डॉलर! महालक्ष्मी प्रसन्न होणार नाही, उठून चालायला लागेल.

या गुरुवारनं सगळं पालटलं. आता ठरलेलं ऐका, हे पक्कं आहे, पैसे भरलेत, बाबांनी भाव करू नये.

तुम्ही चौघं शनिवारी १९ तारखेला मुंबईहून निघायचं. मुंबई ते माले तीनेक तास, म्हणजे कर्जतहून गाडीनं विमानतळ गाठायला ट्रॅफिकमध्ये लागतील तेवढेच. विमान पहाटेचंच घेतलंय, कारण ती छोटी विमानं उजेडातच उडतात. उशीर झाला तर रात्र मालेत काढावी लागते. आम्ही इकडून येऊ. रिसॉर्टमध्ये तीनच रात्री, नाताळचा भाव चढायच्या आत. मंगळवारी २२ ला तिथून बाहेर. पुढच्या तीन रात्री गावातल्या बेटावर, माफुशीला. २००९ पासून तिकडच्या वस्तीच्या बेटांवर लोकांना आपापल्या घरी पाहुणे ठेवायची परवानगी मिळाली आणि माफुशीत गल्लोगल्ली गेस्ट हाऊस झाली. ग्रीन टॅक्सही तिथे निम्मा, सहा डॉलर. पंधराचे दहा लाख झाले. ज्यांच्याकडे उतरणार ते गृहस्थ आधी मासेमारी करायचे, आता बारा खोल्या चालवतात. त्यांच्याशी फोनवर बोलले तर त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं: चेक-इन दोन वाजता, ब्रेकफास्ट इन्क्लुडेड, फिश एक्स्ट्रा. बाबा, मला एकदम घरचा फोन लागल्यासारखं वाटलं. तुमचं आणि त्यांचं जमेल. भाषा येत नसली तरी गेस्टबद्दल कुरकुर करायला भाषा लागत नाही.

जावई जरा रुसलेत, कारण गावातल्या बेटावर दारू मिळत नाही, ती फक्त रिसॉर्टमध्ये. बाहेरून नेताही येत नाही, विमानतळावर काढून घेतात आणि जाताना परत देतात. बाबा म्हणतील, आपल्याकडे असा नियम केला तर गेस्टच्या बॅगा रिकाम्याच येतील.

गंभीर गोष्ट एकच, आणि ती आईला. तिथल्या कस्टम्समध्ये पूजेच्या मूर्ती आत नेता येत नाहीत. तुझ्या पर्समधला पितळेचा बाळकृष्ण या खेपेला दादाकडे ठेव. उपास धर, मनात नमस्कार कर, उद्यापन ३१ तारखेच्या गुरुवारी घरी येऊन करू, वाण मी इथून घेऊन येते. आणि येताना शंख-शिंपले, पोवळ्याचे तुकडे काही उचलायचं नाही. अलिबागच्या किनाऱ्यावरून तू आणलेल्या शिंपल्यांनी तुळशीवृंदावन झालंय, तेवढं पुरे.

राहिलं छोटं विमान. ते रद्द करून बोटीनं गेलो तर सव्वातीन हजार डॉलर वाचतात, असं मी सुचवलं होतं. जावई तयार झाले, अण्णाही झाले. नातू रडला. पण अडून बसले ते तुम्ही, बाबा. का, तर कुणीतरी तुम्हाला सांगितलं की त्या विमानाचे पायलट अनवाणी असतात. खरं आहे, बरेच असतात. सगळ्या सहलीत तुम्हाला एवढंच बघायचंय, की अनवाणी माणूस विमान कसं चालवतो. म्हणालात, जन्मभर अनवाणी चिखलात भात लावला, विमान चालवता येतं हे आधी कुणी सांगितलं नाही. म्हणून विमान ठेवलंय.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. दादाला सांगा, खोल्यांची बुकिंगं घेताना १९ ते २५ डिसेंबर मोकळे ठेव, मालक बाहेरगावी आहेत म्हणावं.

तुमची,
छकुली (वय ४१)

ता. क. – आई, छोट्या विमानात माणशी २० किलो सामान आणि हातात ५ किलो, वर गेलं तर पैसे. गेल्या वर्षी दुबईला आलीस तेव्हा तुझी बॅग ३१ किलो भरली होती, त्यात नऊ किलो कर्जत-३ तांदूळ, वाल, आणि तळाशी पाटा होता. या वेळी तांदूळ नको, पाटा तर नकोच. चिवडा चालेल, एक डबा. बॅग भरलीस की गिरणीत नेऊन काट्यावर ठेव आणि काट्याचा फोटो पाठव. फोटो दादाला काढायला सांग, बाबांनी काढला तर अंगठा दिसेल.